ड्रायव्हर लिहायचा की नुसता जोडायचा? कर्नलचे तयार इंटरफेस आणि स्वतःचा कोड

नवा बोर्ड टेबलावर आला की लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तो बोर्ड चालवणारा स्वतःचा कोड (ड्रायव्हर) लिहायला हात शिवशिवतात: एक कॅरेक्टर डिव्हाइस (फाइलीसारखं उघडता येणारं), त्यात दहा-बारा आयओसीटीएल (त्या फाइलीला द्यायच्या स्वतःच्या आज्ञा), वर एक सी लायब्ररी, झालं काम. आठवडाभरात बोर्ड चालतोही. खरी किंमत दोन वर्षांनी कळते. कर्नल बदलतो, ड्रायव्हर लिहिणारा नोकरी बदलतो, आणि तापमान अंशांत येतं की अंशाच्या दहाव्या भागांत, हे सांगणारं कुणी उरत नाही.

हा प्रश्न पूर्ण बोर्डाला एकदाच विचारायचा नसतो. एकेका कामाला वेगळा विचारायचा, आणि त्यातही ड्रायव्हरच्या दोन तोंडांना वेगवेगळा. खालचं तोंड हार्डवेअरकडे असतं: रजिस्टरं, इंटरप्ट, क्लॉक, पिना. वरचं तोंड यूजरस्पेसकडे, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमांकडे: फाइली, आयओसीटीएल, एककं. खाली स्वतःचा कोड लिहिला तर तो उद्या बदलता येतो, बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. वर स्वतःचा इंटरफेस काढला तर ते वचन होतं; त्यावर कुणाचा तरी प्रोग्रॅम उभा राहतो आणि ते मोडता येत नाही. त्यामुळे खाली थोडी मनमानी खपते, वर मात्र हात आखडता ठेवायचा.

उदाहरणाला एक बोर्ड घेऊ: दूध संकलन केंद्रातल्या बल्क कूलरचा कंट्रोलर, रास्पबेरी पाय कॉम्प्युट मॉड्यूलवर बांधलेला. टाकीचं तापमान मोजायला १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (गार झाला की रोध वाढणारा) आणि एडीएस१११५ एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप), चार बटणं, कॉम्प्रेसरचा रिले, पॅनेलचा पंखा, डीएस३२३१ घड्याळ, बाहेरची वॉचडॉग चिप (वेळेत पिंग आला नाही तर बोर्ड रीसेट करणारी), पल्स देणारा फ्लोमीटर, आणि थ्री-फेज पुरवठ्यावर नजर ठेवणारा स्वतः डिझाइन केलेला सीपीएलडी (आपलं लॉजिक भरता येणारी चिप), एसपीआय या सीरियल बसवर. (फाइलींची, फंक्शनांची नावं पुढे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थात रोमनमध्येच टाइप करायची.)

आधी शोध, मग संपादक

पार्ट नंबर घेऊन कर्नलच्या सोर्समध्ये गिट ग्रेप चालवा: ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये आणि डॉक्युमेंटेशन/डिव्हाइसट्री/बाइंडिंग्जमध्ये. पूर्ण नंबराने काही सापडलं नाही तर शोध सोडू नका. एडीएस१११५चा ड्रायव्हर एडीएस१०१५च्या नावाने आहे, डीएस३२३१चा डीएस१३०७च्या नावाने. एलएम७५चा एकच ड्रायव्हर वेगवेगळ्या कंपन्यांच्या बऱ्याच चिपा सांभाळतो. डेटाशीटमधला रजिस्टरांचा तक्ता जुन्या चिपशी जुळतोय का ते पाहा. पुष्कळदा नवी चिप म्हणजे जुनाच तक्ता आणि नवा आयडी, आणि सगळं काम डिव्हाइस टेबलात एक ओळ घालण्यापुरतं उरतं.

ड्रायव्हर सापडला तरी तो तुमच्या कर्नलमध्ये बांधलेला आहे का, हे वेगळं तपासा. चालू कर्नलच्या मॉड्यूलांच्या फोल्डरातल्या मॉड्यूल्स.अलियास फाइलीत नाव शोधा, किंवा प्रॉकमधली कॉन्फिग.जीझेड उघडा. रास्पबेरी पाय ओएसवर ही फाइल दिसत नसेल तर आधी मॉडप्रोब कॉन्फिग्ज द्या.

आमच्या बोर्डावर या तपासानंतर नऊपैकी आठ कामांना ड्रायव्हर लिहावाच लागत नाही असं निघतं. नवव्यातही निम्म्याहून जास्त भाग तयार मिळतो.

तापमान: एकही ओळ न लिहिता, पण डोळे उघडे ठेवून

इथे मोह असतो तो एडीसी यूजरस्पेसमधून वाचून लॉगॅरिदम स्वतः काढण्याचा. गरज नाही. एडीएस१११५ आयआयओ सबसिस्टममध्ये (एडीसी आणि सेन्सरांसाठीची कर्नलची सोय) आहे, आणि एनटीसी-थर्मिस्टर हा ड्रायव्हर आयआयओच्या चॅनेलवर बसून एचडब्ल्यूमॉनमध्ये (हार्डवेअरवर नजर ठेवायची सोय) मिलिअंश सेल्सिअस देतो. डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, दोन नोड लागतात. एडीसीच्या नोडमध्ये पत्ता (अ‍ॅड्रेस पिन ग्राउंडला असेल तर हेक्स ४८), चॅनेल ४ आणि आयओ-चॅनेल-सेल्स १. चॅनेलचा आकडा इथे फसवतो: ० ते ३ या डिफरन्शियल जोड्या आहेत, एआयएन० ग्राउंडच्या तुलनेत हवा असेल तर ४. थर्मिस्टरच्या नोडमध्ये पार्टनुसार कंपॅटिबल (उदाहरणार्थ मुराटाचा एनसीपी१५एक्सएच१०३), पुलअप-यूव्ही ३३,००,०००, पुलअप-ओहम १०,०००, पुलडाउन-ओहम ० आणि आयओ-चॅनेल्समध्ये एडीसीचा तोच ४.

आयओ-चॅनेल-सेल्स राहून गेलं तर थर्मिस्टरचा प्रोब (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जाण्याची पायरी) फसतो. एडीसीचं मॉड्यूलच लोड झालेलं नसेल तर एरर येत नाही, थर्मिस्टर नुसता ताटकळत बसतो. अशा वेळी डीबगएफएसमधली (कर्नलच्या डीबगिंगच्या फाइलींची जागा) डिव्हाइसेस_डिफर्ड ही फाइल पाहा, कोण कुणासाठी थांबलंय ते तिथे दिसतं.

आता इथेच घोडं पेंड खातं. एडीएस१११५च्या ड्रायव्हरचा ठरलेला गेन २ आहे, म्हणजे रेंज ±२.०४८ व्होल्ट. आपला थर्मिस्टर ४ अंशांना सुमारे २३ किलोओहम असतो, ३.३ व्होल्ट आणि १० किलोओहम पुलअपला (पुरवठ्याकडे ओढणारा रेझिस्टर) पिनवर सुमारे २.३ व्होल्ट येतात. एडीसी वरच्या टोकाला चिकटतो, आणि २.०४८ व्होल्टचं उलट गणित केलं तर उत्तर येतं सुमारे साडेबारा अंश. टाकी कितीही गार झाली तरी आकडा साडेबाराच्या खाली उतरत नाही. कॉम्प्रेसर बंद होत नाही आणि दुधाचा बर्फ होतो. खोलीच्या तापमानाला केलेल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही, कारण २५ अंशांना पिनवर १.६५ व्होल्टच असतात. उपाय एका ओळीचा: चॅनेलच्या नोडमध्ये टीआय,गेन १, म्हणजे ±४.०९६ व्होल्ट. खात्री करायला आयआयओ डिव्हाइसच्या फोल्डरातली या चॅनेलची स्केल फाइल वाचा. ०.०६२५ आली तर जुनीच रेंज आहे, ०.१२५ हवी. रॉ फाइलीत ३२७६७ दिसलं तर एडीसी टोकाला गेलाय. नव्या रेंजमध्ये ४ अंशांना १८,४००च्या आसपास आकडा यायला हवा.

दुसरी गोष्ट तुटलेल्या वायरची. थर्मिस्टर ग्राउंडच्या बाजूला असताना वायर तुटली की व्होल्टेज पुलअपपर्यंत चढतं आणि ड्रायव्हर तक्त्याचं सर्वात थंड टोक, उणे ४०, सांगतो. फाइल वाचताना एरर येत नाही. कंट्रोल प्रोग्रॅमला वाटतं टाकी गोठली, तो कॉम्प्रेसर बंद ठेवतो, आणि सकाळपर्यंत दूध नासतं. शॉर्ट झाला तर आकडा गरम टोकाला जातो. म्हणून उणे १० ते ६० या पट्ट्याबाहेरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे, बिघाड, असं प्रोग्रॅममध्ये धरा. हा नियम ड्रायव्हरमध्ये घालायला जाऊ नका. टाकीत काय शक्य आहे हे टाकीवाल्याला ठाऊक, कर्नलला नव्हे.

एचडब्ल्यूमॉन की आयआयओ, हा प्रश्न इथे हमखास येतो. सेकंदाला एकदा वाचायचं, मर्यादा ओलांडली तर गजर द्यायचा, मशीनची तब्येत पाहायची, तर एचडब्ल्यूमॉन. वेगाने सॅम्पल घ्यायचे, टाइमस्टॅम्प हवा, ट्रिगर हवा, तर आयआयओ. दोन्ही हवे असतील तर ड्रायव्हर आयआयओत लिहा आणि आयआयओ-एचडब्ल्यूमॉन हा तयार पूल वापरा. एककं मात्र नीट पाहा: तापमान दोन्हीकडे मिलिअंशांत, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, पण पॉवर आयआयओत मिलिवॉट आणि एचडब्ल्यूमॉनमध्ये मायक्रोवॉट. हजारपटीची चूक इथूनच शिरते. हे सगळं डॉक्युमेंटेशनच्या एबीआय फोल्डरात लिहिलेलं आहे, आणि तयार इंटरफेसची अर्धी किंमत त्या लिखाणातच आहे.

बाकीचे, झटपट

बटणांना जीपीआयओ-कीज (जीपीआयओ म्हणजे सामान्य वापराच्या पिना). डीबाउन्सची (बटणाची थरथर गाळण्याची) वेळ न सांगितल्यास ५ मिलिसेकंद धरली जाते; पॅनेलपासून बोर्डापर्यंत लांब वायर असेल तर २० द्या. चाचणी इव्हीटेस्टने.

पंख्याला पीडब्ल्यूएम-फॅन. चार वायरींचा पंखा २५ किलोहर्ट्झवर चालतो, म्हणून पीरियड ४०,००० नॅनोसेकंद. घड्याळाला तयार ओव्हरले (डिव्हाइस ट्रीत भर घालणारा तुकडा) आहे: आयटूसी-आरटीसी, डीएस३२३१.

वॉचडॉगला जीपीआयओ-वॉचडॉगचा ड्रायव्हर: टॉगल की लेव्हल, आणि हार्डवेअरची मुदत मिलिसेकंदांत. चिप कायम चालूच राहणारी असेल तर ऑलवेज-रनिंग लिहावं लागतं, आणि मग डिव्हाइस कुणी उघडेपर्यंत कर्नल स्वतःच तिला पिंग करत राहतो. म्हणजे तुमचा कंट्रोल प्रोग्रॅम सुरूच झाला नाही तरी बोर्ड रीसेट होत नाही. हे नको असेल तर वॉचडॉगचा ओपन_टाइमआउट पॅरामीटर द्या. बंद करताना वॉचडॉगच्या डिव्हाइस फाइलीत कॅपिटल व्ही लिहून मगच बंद करायची रीत आहे. त्याशिवाय बंद केली तर प्रोग्रॅम मेला असं समजून मुदत संपू दिली जाते. बहुतेक वेळा तेच हवं असतं.

फ्लोमीटरसाठी लोक सर्रास इंटरप्ट हँडलर आणि स्वतःची सिसएफएस फाइल (कर्नलमधली व्हॅल्यू यूजरस्पेसला दाखवणारी) लिहितात. त्यांना काउंटर सबसिस्टमची कल्पना नसते. कर्नलच्या ५.२ आवृत्तीपासून ती आहे आणि तिथला इंटरप्ट-काउंटर ड्रायव्हर नेमकं हेच करतो: पिनवर पल्स, फाइलीत मोजणी. त्यात डीबाउन्स नाही, त्यामुळे लांब वायरीवर खोटे पल्स मोजले जातात. आरसी फिल्टर आणि श्मिट ट्रिगर बोर्डावरच घाला.

कॉम्प्रेसरचा रिले दिसायला सर्वात सोपा आणि वाद सर्वात जास्त त्याच्यावर. जुना मार्ग सिसएफएसमधून पिन एक्स्पोर्ट करण्याचा. तो ४.८ पासून कालबाह्य ठरवलाय. वर पिनांचे जागतिक नंबरही हलले: रास्पबेरी पायवर ६.६ कर्नल आल्यावर मोजणी ५१२ पासून सुरू झाली आणि १७ नंबरची पिन ५२९ झाली. कित्येक स्क्रिप्टा त्या दिवशी गपगार पडल्या. दुसरा मार्ग एसओसीची (प्रोसेसरच्या मुख्य चिपची) रजिस्टरं मेमरी मॅप करून थेट लिहिण्याचा. पाय ५मध्ये पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमध्ये, पीसीआयईच्या पलीकडे गेल्या, आणि त्या जातीच्या लायब्रऱ्या तिथे चालेनात. लिबजीपीआयओडी (पिना हाताळायची यूजरस्पेस लायब्ररी) वापरणाऱ्यांचं फार तर चिपचं नाव बदललं.

तेव्हा डिव्हाइस ट्रीत जीपीआयओ-लाइन-नेम्सने पिनेला नाव द्या आणि लिबजीपीआयओडीने नावानेच मागा. एक अट आहे: पिन धरणारा प्रोसेस जिवंत असेपर्यंतच तिच्या स्थितीची हमी. तो मेला की पिन कुठल्या स्थितीत राहील हे ड्रायव्हरवर अवलंबून. म्हणून रिलेच्या ट्रान्झिस्टरला पुलडाउन रेझिस्टर हवाच, म्हणजे रीसेटमध्ये कॉम्प्रेसर बंद. काही जण रिलेला एलईडी म्हणून घोषित करतात, कारण एलईडी क्लासमध्ये स्थिती टिकते. चालतं, पण सहा महिन्यांनी कुणीतरी त्याला हार्टबीट ट्रिगर लावेल आणि कॉम्प्रेसर सेकंदासेकंदाला धडधडेल.

बंद झालेला कॉम्प्रेसर किमान तीन मिनिटं पुन्हा सुरू करायचा नाही, ही अट कुठे ठेवायची? यूजरस्पेसमध्येच. वीज जाऊन परत आली की बूट झाल्यापासून तीन मिनिटं मोजा, कारण आधी किती वेळ बंद होता हे बोर्डाला माहीत नसतं. ड्रायव्हरने पिन हलवावी. कधी हलवायची ते ठरवू नये.

सीपीएलडी: इथे लिहावं लागतं

या चिपला कर्नलमध्ये ड्रायव्हर असणं शक्यच नाही. पण लगेच आयओसीटीएलची यादी करू नका. ती करते काय, ते आधी क्रियापदांत मांडा: तीन फेजचं व्होल्टेज सतत मोजते, मर्यादा ओलांडली की कळवते, तिचं फर्मवेअर बदलता येतं, ट्रिप झाली की आधीच्या ५१२ सॅम्पलांचा रेकॉर्ड गोठवून ठेवते.

पहिलं आयआयओ बफर आहे. दुसरं आयआयओ इव्हेंट, थ्रेशोल्ड रायझिंग आणि फॉलिंग. तिसऱ्याला कर्नलची फर्मवेअर अपलोडची सोय. चौथ्याला मात्र कुठल्याच सबसिस्टममध्ये शब्द नाही. गोठवलेला रेकॉर्ड म्हणजे चालू प्रवाह नव्हे. आयआयओत कोंबला तर टाइमस्टॅम्प खोटे होतात. तेवढ्यापुरतं स्वतःचं डिव्हाइस काढायचं. चारपैकी एक.

आयआयओ बफरमध्ये एक खाच आहे. तीन चॅनेल गुणिले १६ बिट म्हणजे ६ बाइट. टाइमस्टॅम्प ८ बाइटांचा आणि ८च्या पटीवरच बसतो. म्हणून मध्ये २ बाइट मोकळे आणि एकूण १६. बफर १४ बाइटांचा घेतलात तर शेजारची मेमरी खराब होते. १६चा घेऊन शून्य केला नाहीत तर त्या दोन बाइटांतून कर्नलच्या स्टॅकचा तुकडा यूजरस्पेसमध्ये गळतो.

खालचं तोंड: रेगमॅप

खाली मनमानी खपते असं वर म्हटलं, तरी रजिस्टरांसाठी रेगमॅपच (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याची कर्नलची तयार सोय) घ्या. लॉकिंग, कॅश, ट्रेस आणि डीबगएफएसमधली रजिस्टरांची यादी फुकट मिळते. रजिस्टर ८ बिट, व्हॅल्यू १६ बिट असं सांगितलं की झालं. न सांगता ज्या गोष्टी गृहीत धरल्या जातात त्या मात्र लक्षात ठेवा. एसपीआयवर वाचनासाठी पत्त्यात हेक्स ८० मिसळला जातो. तुमच्या चिपमध्ये तोच बिट लेखनाचा असेल तर राइट_फ्लॅग_मास्क द्या, नाहीतर प्रत्येक वाचन हे लेखन होतं. व्हॅल्यू बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) धरली जाते. मॅक्स_रजिस्टर दिला नाही तर डीबगएफएसमध्ये यादी येत नाही.

यात जास्तीत जास्त वेळ खाणाऱ्या चुका तीन. कॅश चालू केला पण स्टेटस रजिस्टर व्होलाटाइल (आपोआप बदलणारं) म्हणून घोषित केलं नाही: पहिलं वाचन खरं, नंतरची सगळी शिळी. वाचताच साफ होणारं रजिस्टर प्रेशस (डीबगसाठी वाचू नये असं) म्हणून घोषित केलं नाही: कुणी डीबगएफएसमधून यादी वाचली की इंटरप्ट हरवतो, आणि बग फक्त तो शोधतानाच दिसतो. तिसरी सर्वात छुपी. रेगमॅप_अपडेट_बिट्स आधीची व्हॅल्यू तीच असेल तर बसवर लिहीतच नाही, त्यामुळे ‘१ लिहिला की सुरू’ जातीचे बिट पेटत नाहीत. त्यांना रेगमॅप_राइट_बिट्स. आणि ‘१ लिहिला की साफ’ जातीच्या रजिस्टराला दोन्हीही नकोत. वाचून परत लिहिताना शेजारचे प्रलंबित बिटही साफ होतात; तिथे साधं रेगमॅप_राइट, हवा तेवढाच बिट घेऊन.

ट्रिप रेकॉर्ड एकाच पत्त्याच्या फिफोतून येत असेल तर बल्क रीड नको, नोइंक रीड (पत्ता न वाढवता वाचणारा) घ्या. बफर केमॅलॉकचा, स्टॅकवरचा नाही. एसपीआयला डीएमएयोग्य (प्रोसेसरविना थेट देवाणघेवाण करता येईल अशी) मेमरी लागते. इंटरप्ट थ्रेडेड घ्या आणि वनशॉट फ्लॅग द्या. स्वतःचा प्राथमिक हँडलर नसताना तो राहिला तर रिक्वेस्टच उणे २२ देऊन फसते.

वरचं तोंड: तो एक तुकडा

मिस्क डिव्हाइस (कॅरेक्टर डिव्हाइसची कर्नलमधली तयार, छोटी सोय) घ्या, डायनॅमिक मायनरसह. स्वतःचा मेजर नंबर आणि स्वतःचा क्लास काढण्यात काहीच मिळत नाही. ६.४मध्ये क्लास_क्रिएटचा एक पॅरामीटर गेला तेव्हा स्वतःचा क्लास काढणारे झाडाबाहेरचे (मूळ कर्नलच्या सोर्समध्ये नसलेले) ड्रायव्हर मोडले. मिस्कवाल्यांना कळलंही नाही.

आयओसीटीएल नको, रीड पुरेसा आहे. रेकॉर्ड येईपर्यंत रीड थांबतो, नॉनब्लॉक असेल तर ईअगेन, आणि पोल चालतो. हेडरमध्ये आवृत्ती, लांबी, टाइमस्टॅम्प. पुढे सॅम्पल, एंडियन ठरवून. प्रत्येक फील्ड ठराविक रुंदीचं, लाँग आणि पॉइंटर वर्ज्य. ३२ बिटांच्या फील्डनंतर ६४ बिटांचं आलं तर मधले ४ बाइट स्वतः लिहून भरा. एक्स८६च्या ३२-बिट प्रोग्रॅमला अशी रचना १२ बाइटांची दिसते आणि ६४-बिट कर्नलला १६. ३२-बिट आर्मवर ती १६च असते, त्यामुळे पायवरच्या चाचणीत चूक सापडत नाही. आयओसीटीएल काढावाच लागला तर राखीव फील्ड शून्य नसेल तर नाकारा. आज दुर्लक्ष केलंत तर उद्या ते फील्ड वापरता येणार नाही, कारण जुने प्रोग्रॅम त्यात कचरा पाठवत असतात. अनोळखी क्रमांकाला ईनॉटटीवाय.

आता ज्यावर बहुतेक घरगुती ड्रायव्हर पडतात ती जागा. खाजगी स्ट्रक्चर डेव्हएम_केझलॉकने (ड्रायव्हर सुटला की मेमरी आपोआप सोडणारं) घेतलं, मिस्क नोंदवलं. एका प्रोग्रॅमने फाइल उघडून रीडवर ठाण मांडलंय. दुसऱ्या टर्मिनलवरून कुणी ड्रायव्हर अनबाइंड केला, म्हणजे डिव्हाइसपासून सोडवला. डेव्हएमने मेमरी सोडली, फाइल मात्र उघडीच आहे. पुढचा रीड मोकळ्या झालेल्या मेमरीत. मॉड्यूलचा रेफरन्स काउंट इथे वाचवत नाही, तो फक्त कोड जागेवर ठेवतो. उपाय: स्ट्रक्चर साध्या केझलॉकने घ्या, केरेफ (वापरणाऱ्यांची मोजणी) ठेवा, प्रत्येक ओपनला वाढवा, रिलीझला कमी करा, रिमूव्हमध्ये ‘गेलं’ असा झेंडा म्युटेक्सखाली लावून थांबलेल्यांना उठवा आणि रीडने ईनोडेव्ह द्यावा. झंझट वाटली तर सप्रेस_बाइंड_अ‍ॅट्र्स लावून सिसएफएसमधून अनबाइंड करणं बंद करता येतं, पण एसपीआय कंट्रोलर किंवा ओव्हरले निघाला तर डिव्हाइस जातंच. आयआयओने आणि इनपुटने ही सगळी उठाठेव आपल्या गाभ्यात केलेली आहे. तयार इंटरफेस का, याचं सर्वात वजनदार उत्तर मला हेच वाटतं.

सिसएफएस फाइली लागल्याच तर एका फाइलीत एकच व्हॅल्यू, सिसएफएस_एमिटने लिहिलेली, आणि फाइली ड्रायव्हरच्या डेव्ह_ग्रुप्समधून द्या. प्रोबच्या आत हाताने बनवल्या तर यूडेव्हला (नव्या डिव्हाइसांना नियम लावणारा प्रोग्रॅम) डिव्हाइस आधी दिसतं आणि फाइली नंतर. नियम कधी लागतो, कधी नाही. फक्त स्वतःला पाहायला हवी अशी माहिती डीबगएफएसमध्ये टाका. तिथे वचन नसतं.

ड्रायव्हर न लिहिता थेट हात घालणं

आयटूसी-डेव्ह, एसपीआयडेव्ह आणि यूआयओ (यूजरस्पेसमधून चिपला थेट हात घालू देणारे तयार ड्रायव्हर) पहिल्या आठवड्यासाठी उत्तम. चिप बोलते का, डेटाशीट खरं सांगतं का, हे कर्नल न बांधता कळतं. आयटूसी-डिटेक्टमध्ये पत्त्याच्या जागी यूयू दिसलं तर तिथे ड्रायव्हर बसलेला आहे. अशा पत्त्यावर फोर्स करून लिहू नका. एडीएस१११५च्या कॉन्फिग रजिस्टरात मध्येच कुणी लिहिलं तर ड्रायव्हर दुसऱ्याच चॅनेलचा आकडा थर्मिस्टरचा म्हणून देतो. एसपीआयडेव्हचा बफर ठरलेला ४०९६ बाइटांचा असतो, मोठा ट्रान्सफर फसला तर बफसिझ पॅरामीटर पाहा. आणि डिव्हाइस ट्रीत कंपॅटिबल म्हणून नुसतं एसपीआयडेव्ह लिहिलेलं कर्नल स्वीकारत नाही, खऱ्या चिपचं नाव लागतं. यूआयओ एफपीजीएच्या मेमरी-मॅप ब्लॉकला छान बसतो: फाइल वाचली की ४ बाइटांत इंटरप्टची मोजणी येते. डीएमए हवा असेल तर तो मार्ग सोडा.

कायमचं म्हणूनही यातलं एखादं चालतं, जर चिपचा वापर करणारा प्रोग्रॅम एकच असेल आणि दुसऱ्या कुठल्या कर्नल ड्रायव्हरला तिची गरज नसेल. दूध तपासणीचं यंत्र सीरियल पोर्टवर लागतं. त्याला ड्रायव्हर लिहिण्याचं काहीच कारण नाही, टीटीवाय हाच त्याचा इंटरफेस.

झाडाबाहेर राहण्याचं भाडं

कर्नल यूजरस्पेसचं वचन पाळतो, आतल्या ड्रायव्हरांचं नाही. अ‍ॅक्सेस_ओकेचा पहिला पॅरामीटर ५.०मध्ये गेला. प्रॉक फाइलींसाठी ५.६मध्ये प्रॉक_ऑप्स आलं. आयटूसीच्या रिमूव्हचा परतावा ६.१मध्ये व्हॉइड झाला. प्रत्येक वेळी झाडातले ड्रायव्हर बदल करणाऱ्यानेच दुरुस्त केले, बाहेरचे ज्याचे त्याने. तुमच्या कोडचा जितका पृष्ठभाग कर्नलला चिकटलेला, तितकं हे भाडं. म्हणून ड्रायव्हर झाडात जाणार नसेल तर तो आणखी लहान ठेवा, आणि आवृत्ती पाहणारे इफडेफ एका हेडरमध्ये गोळा करा.

पाठवण्याआधी डब्ल्यू=१ने बांधा, एंडियनसाठी स्पार्स, शैलीसाठी चेकपॅच स्ट्रिक्ट, डिव्हाइस ट्रीसाठी बाइंडिंग चेक. त्यानंतर केसॅन आणि लॉकडेप (मेमरीच्या आणि लॉकच्या चुका पकडणारी साधनं) चालू असलेल्या कर्नलवर फाइल उघडी ठेवून शंभर वेळा अनबाइंड-बाइंड. वर सांगितलेली मेमरीची चूक असेल तर बहुधा पहिल्या पाच-दहा फेऱ्यांतच केसॅन ओरडतो.

आधीच सगळं स्वतःचं असेल तर

वारशात दहा आयओसीटीएलवाला ड्रायव्हर मिळालाय आणि केंद्राकेंद्रांवर बोर्ड लागलेत. एका झटक्यात फेकू नका. आधी खालचं तोंड रेगमॅपवर आणा; बाहेर काहीच बदलत नाही, पण डीबगएफएसमध्ये रजिस्टरं दिसू लागतात. ती यादी मूळ सोर्समध्ये मॅक्रो चालू केल्याशिवाय फक्त वाचता येते, तेव्हा तिथून कुणी काही लिहून बिघडवेल ही भीती नको; वाचताच साफ होणारी रजिस्टरं मात्र वर सांगितल्याप्रमाणे प्रेशस म्हणून घोषित करा. मग त्याच ड्रायव्हरमध्ये एचडब्ल्यूमॉन किंवा आयआयओची नोंदणी शेजारी घाला आणि जुन्या आयओसीटीएलला आतून तेच फंक्शन बोलवायला लावा. काही दिवस दोन्हीकडचे आकडे लॉग करून जुळवा. एककांतला फरक इथे उघडा पडतो. प्रोग्रॅम एकेक करून हलवा, जुन्या प्रत्येक आयओसीटीएलमध्ये डेव्ह_वॉर्न_वन्स टाका, आणि बोर्डांवरून येणाऱ्या लॉगमध्ये ती ओळ दिसायची थांबली की तो क्रमांक काढा. काढलेला क्रमांक दुसऱ्या कामाला पुन्हा वापरू नका. कुठल्या तरी तालुक्याच्या केंद्रात जुना प्रोग्रॅम अजून चालू असतोच.